आवाज आहेच!

तुमच्या सोसायटीतही एक पेंग्विनकाका असणारच. 'कॉम्प्युटर फार रडतोय, भंगारात काढावा म्हणतो' एवढं लिफ्टमध्ये बोलायची खोटी, संध्याकाळी हा माणूस पेनड्राइव्ह आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात हजर. "वेडा आहेस का? लिनक्स टाकून देतो. वीस मिनिटं." वीस मिनिटं हे खरंच असतं. लिनक्स वीस मिनिटांत बसतं, काका मात्र रात्री अकरापर्यंत बसतात. कारण आवाज येत नाही.

"आवाज आहेच," काका म्हणतात. "फक्त बाहेर येत नाहीये."

मग फरशीवर मांडी ठोकून, काळ्या पडद्यावर एलएसपीसीआय. आलेल्या यादीत 'ऑडिओ' दिसलं की काकांची मांडीवर थाप. कार्ड जिवंत आहे, मशिनला दिसतंय, लिनक्सने अजून ओळख दाखवलेली नाही, इतकंच. म्हणजे ड्रायव्हर चढलेला नाही. मॉडप्रोब म्हणून तो चढवायचा. शांतता. मग अल्सामिक्सर. त्यात उभ्या पट्ट्या आणि बऱ्याच पट्ट्यांच्या पायाशी 'एमएम', म्हणजे तोंड बंद. एम दाबत एकेकीचं तोंड उघडायचं. तरी शांतता. शेवटी कळतं की ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयने शून्य नंबर पटकावलाय आणि सगळा आवाज निमूटपणे मॉनिटरकडे चाललाय. मॉनिटरला स्पीकरच नाही.

"बघ, म्हटलं नव्हतं? आवाज आहेच! मॉनिटरमध्ये आहे."

हे वाक्य आता कॉम्प्युटरपुरतं राहिलेलं नाही. नळ कोरडा पडला की पाणी आहेच, फक्त बाहेर येत नाहीये. स्टॉपवर तासभर उभं राहिलं तरी बस आहेच. गेल्या वार्षिक सभेत दुरुस्ती निधीचा हिशेब कोणी तरी मागितला, तेव्हा मागच्या रांगेतून काका म्हणाले, "पैसे आहेतच." पुढचं वाक्य सगळ्या सभासदांनी एकसुरात पूर्ण केलं. सेक्रेटरी अजून काकांशी बोलत नाहीत.

काकांचं खरं मन रमतं ते जुन्या आयएसए कार्डांत. साउंड ब्लास्टर 16 चा पत्ता 220, आयआरक्यू 5, डीएमए 1, हे ते परवचा म्हणावा तसं म्हणून दाखवतात, न विचारता. त्या काळी रेड हॅटमध्ये एसएनडीकॉन्फिग नावाचा प्रोग्राम होता. कार्ड ओळखलं गेलं की साक्षात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स बोलायचा: आपलं नाव सांगायचा आणि 'लिनक्स'चा उच्चार करून दाखवायचा. तो आवाज ऐकण्यासाठी काकांनी रात्री जागवल्या. मध्यरात्री बाहेरच्या खोलीत इंग्रजीत बोलणारा हा गृहस्थ कोण, हे काकूंनी पुष्कळ दिवस विचारलंच नाही.

पुढे यारोस्लाव किसेलाने 1998 साली सुरू केलेली अल्सा ही आवाजाची यंत्रणा डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 कर्नलमधून घरोघर पोचली. काकांनी तीही आपली मानली. पण 2008 च्या उबंटू 8.04 मध्ये पल्सऑडिओ आला आणि काका बिथरले. तो लिहिणाऱ्या लेनार्ट पोटरिंगचं नाव त्यांच्यासमोर काढू नये. पंगतीत तर नाहीच, वाढप्याची पंचाईत होते. आता पाइपवायर आलाय. परवा आमच्या नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकल्याबरोबर आवाज आला. काका थोडा वेळ त्या लॅपटॉपकडे बघत राहिले आणि चहा न घेताच गेले.

माणूस वैतागवाणा आहे, यात शंका नाही. पण पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे आजोबांच्या भजनाची एक कॅसेट होती. मुलाने ती कधीच टाकून दिली असती. काकांनी टेपरेकॉर्डर आपल्या खटारा पेंटियमच्या लाइन-इनला जोडला. फाइल रेकॉर्ड झाली, ती मुकी. अल्सामिक्सरमध्ये एफ 4 दाबून कॅप्चरच्या पट्ट्या काढल्या, तर लाइनची बंद. स्पेसबार दाबला. आधी खरखर, मग टाळ, मग आजोबा. आजींनी पदर तोंडाला लावला. काका, जन्मात पहिल्यांदाच, काही बोलले नाहीत. नंतर ते स्पीकरच्या वायरशी उगाच चाळा करत बसले.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हवं, ते बऱ्याच जुन्या मशिनांत नाही. म्हणजे धडधाकट चालणारे कॉम्प्युटर एका तारखेला म्हातारे ठरले, आणि आपण त्यांना जिन्याखाली नेऊन ठेवू लागलो. काकांकडे सध्या रांग आहे. चेहरा असा खुललाय की बघवत नाही.

तुमचंही मशिन जिन्याखाली असेल तर भंगारवाल्याआधी पेंग्विनकाकांना हाक मारा. टेबल भिंतीपासून ओढून ठेवा, मागच्या वायरी त्यांना नीट दिसायला हव्यात. चहा बिनसाखरेचा. आणि रात्रीच्या जेवणाला एक पान जास्त धरा.