मागची तारीख घालणाऱ्या साहेबांना खुले पत्र

कन्सल्टंट साहेब,

तुम्ही मला ओळखत नसाल. टाइम ऑफिसात मस्टर सांभाळणारा मी. शेठजींच्या केबिनमध्ये तुम्ही पगाराची फोड समजावत होतात, तेव्हा सहीसाठी मी दारात उभा होतो. ‘बेसिक जेवढं लहान, तेवढी देणी लहान,’ असं म्हणालात. हुशार आहात. ती हुशारी कुणाच्या ताटावर उठली, ते सांगायला हे पत्र.

आमच्या प्रेस शॉपमधले तात्या जानेवारीअखेर रिटायर झाले. वीस वर्षं नोकरी. डाव्या हाताची करंगळी मशीनमध्ये गेली. पगार ३६,००० रुपये. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,०००, बाकी २३,००० तुम्ही घरभाडं आणि प्रवास भत्त्यात टाकलेले. तात्यांचं घर वडिलांच्या वेळचं, स्वतःचं आहे. कामावर ते सायकलने यायचे. ग्रॅच्युइटीचा कागद घेऊन ते माझ्या टेबलाशी आले आणि बोट ठेवून म्हणाले, “भाऊ, माझा पगार छत्तीस ना? मग हे तेरा कुणाचे?”

१३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २०. दीड लाख. हिशेबात चूक नव्हती. चूक त्या तेरा हजारांत होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत गेले. वेतन संहिता संसदेने २०१९ मध्येच मंजूर केली होती. शेठजींना सरळ सल्ला द्यायला तुमच्याकडे सहा वर्षं होती. घरभाडं, प्रवास असे वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची, असं ही संहिता सांगते. म्हणजे तात्यांचं वेतन १८,०००. ग्रॅच्युइटी २,०७,६९२. तुम्ही त्यांचे ५७,६९२ रुपये खाल्लेत. काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तेवढ्यावर अडलंय.

हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच तुम्ही ठेवली नाहीत. ठाऊक होतं, म्हणून तर तात्यांच्या राजीनाम्यावर २० नोव्हेंबर ही तारीख घालायला लावलीत. संहिता लागू व्हायच्या आदल्या दिवसाची! पुढचे दोन-सव्वादोन महिने ठेकेदाराच्या नावावर दाखवा, म्हणालात. सही घेतली ती शिफ्ट सुटताना. तात्यांचा चष्मा लॉकरमध्ये होता. ‘पीएफचा फॉर्म आहे’ असं त्यांना सांगितलं. वीस वर्षं ज्या ऑफिसवर त्यांनी विश्वास ठेवला, त्याच ऑफिसात त्यांना फसवलंत. याचा मला फार राग आहे, साहेब, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

राजीनामा दिला तरी शेवटचं वेतन कामाच्या दोन दिवसांत हातात पडलं पाहिजे, असं आता कायद्यात आहे. तात्यांचा जानेवारीचा पगार मार्च उजाडला तरी निघाला नाही. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत असते, पुढे व्याज लागतं. तेही तुम्ही शेठजींना सांगितलेलं दिसत नाही. उद्या व्याज भरायची पाळी आली की शेठजी तुम्हालाच शोधतील.

एक गोष्ट मात्र तुमच्या नजरेतून सुटली. कागदावर २० नोव्हेंबरला गेलेला माणूस २१ तारखेला सकाळी सव्वासातला गेटवर होता. त्या दिवसापासून ३१ जानेवारीपर्यंत त्यांचा एक खाडा नाही. प्रत्येक पानावर तात्यांची सही आहे, खाली माझी आहे, आणि महिनाअखेरीला शेठजींचीही आहे. त्या दिवशी केबिनच्या दारात मी उभा होतो तो त्याच सहीसाठी.

त्या पानांच्या झेरॉक्स तात्यांकडे दिल्या आहेत. सोमवारी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर लेबर ऑफिसला जातोय.

आपला,
मस्टरवाला