शेवटची आठ पानं

कुणी गेल्याचं कळलं की माझा चेहरा बदलत नाही. हा दोष माझा नाही, नोकरीचा आहे. विमा कंपनीच्या क्लेम विभागात मी एकतीस वर्षं काढली, आणि त्या टेबलासमोर माणूस यायचा तोच मुळी गेलेल्याचे कागद घेऊन. ‘बसा’ म्हणायचं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा, आणि मग मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, वारसाचं पासबुक. अपघात असेल तर पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट. पॉलिसी काढून वर्ष-दीड वर्षातच माणूस गेला असेल तर फाईल चौकशीला. म्हणजे संशय घ्यायचा मला पगार मिळत होता.

त्यामुळे निवृत्तीनंतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘रहस्यप्रधान नाटकासाठी हौशी कलाकार हवेत, वयाची अट नाही’ असा निरोप आला, तेव्हा मला ती जवळजवळ अंतर्गत बढतीच वाटली. नवरा म्हणाला, ‘तुला नाटकातलं काय कळतं?’ मी त्याला आठवण करून दिली की कॉलेजात असताना ‘पुरुषोत्तम’ला मी भरत नाट्य मंदिरात उभी होते. पडद्याच्या दोरीपाशी, पण उभी होते. करंडक सुरू झाला १९६३ साली, म्हणजे तो आणि मी एका वयाचे. ‘अरे आव्वाज कुणाचा’ ओरडून माझा घसा तीन दिवस बसला होता. एवढ्या अनुभवावर पुण्यात लोक नाट्यसमीक्षा लिहितात.

वाचन रविवारी सकाळी, सदाशिव पेठेतल्या एका शाळेत, तिसरी ‘ब’च्या वर्गात. बाकं तिसरीची, माणसं साठीची. गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बावीस जण बसलो होतो आणि पात्रं होती सात. दिग्दर्शक तिशीतला, हिंजवडीत नोकरी करणारा, डोळ्यांखाली तालमींची काळी वर्तुळं. त्यानं संहितेच्या प्रती वाटल्या. छप्पन्न पानं. छप्पन्नाव्या पानाच्या तळाशी इन्स्पेक्टर म्हणतो, ‘खुनी याच खोलीत आहे,’ आणि संपलं.

‘पुढची आठ पानं माझ्या बॅगेत आहेत,’ तो म्हणाला. ‘खुनी कोण ते कळलं की माणूस खुन्यासारखा वाचायला लागतो.’

बावीस जणांनी एकाच वेळी त्याच्या बॅगेकडे पाहिलं. त्या क्षणी खरोखरच खोलीतला प्रत्येक जण संशयास्पद दिसत होता.

तसं आपल्या रंगभूमीला खुनाचं वावडं कधीच नव्हतं, कोड्याचं होतं. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ सालचं. कोण मरणार हे नावातच सांगून टाकलेलं, आणि मारणारा भीम हे शाळकरी पोरालाही ठाऊक. तिथं तपास करावा लागला तो इंग्रज सरकारला, की हा कीचक नक्की कोण? उत्तर कर्झनसाहेबापाशी येऊन थांबलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पुढचं ‘भाऊबंदकी’ तर आमच्या घरचंच प्रकरण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारलं, मारणारे गारदी सगळ्यांनी पाहिले, आणि अडीचशे वर्षं चर्चा कशाची, तर ‘ध’चा ‘मा’ कुणी केला. खुनाचा तपास शुद्धलेखनात शिरला असं उदाहरण दुसऱ्या गावात सापडेल असं वाटत नाही.

कोडं वाचायची सवय आम्हाला लावली ती पुस्तकांनी. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त रहस्यकथांपैकी निदान शंभर तरी मी वडिलांच्या उशीखालून पळवल्या, आणि नंतर आमच्या पुण्याच्याच सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद लायब्ररीत नंबर लावून मिळवला. त्या वाचनाचा एक तोटा झाला. खुनी म्हणजे भुवई उंचावणारा, सिगारेट विझवताना हसणारा माणूस, हे डोक्यात पक्कं बसलं.

वर्गातल्या बावीसही जणांच्या डोक्यात तेच बसलं होतं. एक निवृत्त प्राध्यापक ‘मला साखर दोन चमचे’ हे वाक्य असं म्हणाले की इन्स्पेक्टर वाचणाऱ्या मुलानं नकळत पाऊल मागे घेतलं. एक बाई प्रत्येक वाक्याआधी खिडकीबाहेर बघत होत्या. कुणी हात चोळत होतं, कुणी शब्दांच्या मधे जीवघेण्या जागा सोडत होतं. शेवटचं पान माहीत नसल्यामुळे प्रत्येकानं सावधगिरी म्हणून खून आपणच केल्यासारखं वाचलं.

मला आत्याचा प्रवेश मिळाला. आत्या चहाचा ट्रे घेऊन येते, पुतण्याचं प्रेत पाहते आणि किंचाळते. ट्रे म्हणून फळा पुसायचं डस्टर. प्रेत म्हणून एक बारावीचा मुलगा टेबलाशेजारी उताणा पडला होता. डोळे इतके घट्ट मिटलेले की पापण्या थरथरत होत्या, आणि डाव्या मोज्याला पडलेल्या भोकातून अंगठा बाहेर आलेला. मी आत आले. प्रेताकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

‘काकू, घड्याळ कशाला?’

‘वेळ टिपून ठेवावी लागते,’ मी म्हणाले. ‘पुढे कागदात लागते.’

प्रेत फिसकन हसलं. दिग्दर्शक हसला नाही. म्हणाला, ‘किंचाळून दाखवा.’ मी जिवाच्या आकांतानं किंचाळले. वर्गाच्या खिडकीसमोर, गल्लीपलीकडच्या गॅलरीत एक बाई कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, ओल्या बोटांनी एक कुरडई उलटून ठेवली आणि पुन्हा खाली वाकल्या. मी प्रेक्षकांवर फारसा परिणाम करू शकत नाही, याचा तो पहिला लेखी नव्हे पण डोळ्यांदेखतचा अहवाल.

मग चौकशीचा प्रवेश आला, आणि इथं मात्र मला माझं टेबल आठवलं. तिथं खरी माणसं कशी यायची? गोंधळलेली. नवऱ्याची जन्मतारीख चुकवायची, भलत्याच वेळी हसायची, पासबुक घरी विसरायची. आणि ज्यांच्या फायलीत पुढे काहीतरी निघायचं, त्यांच्यापैकी एक गृहस्थ मी कधी विसरणार नाही. प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये कागद क्रमानं लावलेले, प्रत्येकाच्या दोन-दोन साक्षांकित प्रती, वरती पेन्सिलीनं केलेली यादी. इतका नीटनेटका अर्जदार कारकिर्दीत पुन्हा भेटला नाही. मी त्यांना चहा मागवला होता.

मी त्या गृहस्थांसारखं वाचलं. म्हणजे काहीच केलं नाही. इन्स्पेक्टरनं विचारलं, ‘साडेआठला तुम्ही कुठे होता?’ मी सांगितलं, ‘स्वयंपाकघरात, कणीक मळत होते.’ हात चोळले नाहीत, खिडकीकडे पाहिलं नाही. वर्गात कुणाचं लक्षही नव्हतं, प्राध्यापक तर डबा उघडून बसले होते. दिग्दर्शकानं तेवढं वहीत काहीतरी लिहिलं.

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२ पासून चालू आहे. मध्ये करोनानं खंड पडला तेवढाच. दर प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आणि लोक म्हणे ऐकतात. पुण्यात ही विनंती केली तर मध्यंतरातच बटाटेवड्याच्या रांगेत कुणीतरी ‘मला पहिल्या प्रवेशातच कळलं होतं’ असं सांगून मोकळं होईल. शिवाय आपल्याकडे प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. म्हणजे खुनी कोण हे प्रेक्षकांच्या कितीतरी आधी सरकारला कळतं, तेही कार्यालयीन वेळेत.

चार दिवसांनी दिग्दर्शकाचा फोन आला. आत्या मीच. तालमी रोज संध्याकाळी साडेसातला. ‘आणि काकू, तुम्ही घरीच असता तर झेरॉक्सचं तेवढं बघाल का? मंडळाला पाठवायचंय.’ हौशी रंगभूमी याच वाक्यावर उभी आहे.

त्यानं पूर्ण संहिता हातात ठेवली, चौसष्ट पानं. रात्री जेवणं झाल्यावर मी शेवटची आठ वाचली आणि पिवळ्या पेनानं माझी वाक्यं रंगवली. पिवळा रंग झेरॉक्समध्ये उमटत नाही. नवऱ्यानं तीनदा विचारलं, प्राध्यापक आहेत का, पुतण्याची बायको आहे का, की तो डॉक्टर. मी म्हटलं, प्रयोगाला ये, तिकीट काढून.

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार गेली वीस वर्षं माझे झेरॉक्स काढतोय. तीन प्रती, १९२ पानं, ३८४ रुपये. मशीनची पट्टी उजेड पाडत पुढे-मागे सरकत होती आणि तो मूळ पानं एकेक करून काचेवर पालथी घालत होता. पन्नासाव्या पानापर्यंत भराभर. मग वेग मंदावला. शेवटची पानं तो आधी डोळ्यांसमोर धरत होता, मग काचेवर ठेवत होता. गठ्ठे झाले, तिन्हींना स्टेपलर मारला, सुटे परत दिले. मी पिशवीत कागद भरून वळले, तेव्हा तो काउंटरवर हात टेकून म्हणाला,

‘तुमच्याकडे बघून वाटलं नव्हतं हो, काकू.’