पहिलटकर

तळ्याकाठच्या घोळक्यात पहिलटकर लगेच ओळखू येतो. बाकीच्यांच्या बुटांना चिखल असतो, याचे कोरडे असतात. बाकीच्यांच्या हातात रिमोट असतो, याच्या हातात वही असते. आणि पाण्यावरच्या प्रत्येक बोटीतला दोष एकट्या यालाच दिसतो, कारण याची स्वतःची बोट अजून यायची आहे.

इंग्लंडात रविवारी सकाळी तळ्यात शिडाच्या छोट्या बोटी सोडण्याचा छंद जुना आणि प्रतिष्ठित आहे. लँकेशायरातल्या फ्लीटवूडला खास त्यासाठी बांधलेलं तळं आहे. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या राउंड पाँडवर तर व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीपासून या बोटी चालतात. तेव्हा रेडिओ नव्हता. बोट सोडायची आणि काठी घेऊन काठाकाठाने तिच्यामागे पळायचं. आता बोट पळते आणि माणूस उभा राहतो. पोट सुटलेल्यांना हा छंद मानवला तो त्यानंतर. अशा एखाद्या तळ्यावर मग आपला मराठी माणूसही येऊन ठेपतो. इथल्या सरकारी इस्पितळात किंवा संगणकाच्या कंपनीत हयात गेलेली, घराचं कर्ज फिटलेलं, मुलं आपापल्या गावी, आणि रविवार सकाळ मोकळी.

या बोटीला मोटर नसते. रेडिओवर फक्त दोन गोष्टी हलतात. एक सुकाणू, आणि दुसरी शिडांच्या दोऱ्या सैल-घट्ट करणारी विंच. बाकी सगळा कारभार वाऱ्याचा, आणि बोटीच्या पोटाखाली लटकणाऱ्या शिशाच्या गोळ्याचा. दहा वर्षांचं पोर तासाभरात शिकतं. पहिलटकराला नेमकं हेच खटकतं. आपल्यासारखा माणूस ज्या गोष्टीत पडतो आहे ती मुळात अवघड असलीच पाहिजे, अशी त्याची श्रद्धा असते. नसली तर तो ती अवघड करून घेतो.

सुरुवात कोणत्या वर्गाची बोट घ्यावी इथून होते. ड्रॅगन फोर्स 65 ही 65 सेंटिमीटरची बोट. खोक्यातून काढायची, दुपारभर बसून दोऱ्या बांधायच्या, की संध्याकाळी पाण्यात. रिमोटसकट दोनशे-अडीचशे पौंडांच्या आसपास काम भागतं. नियम असा की सगळ्यांच्या बोटी सारख्या, कोणी फार हुशारी करायची नाही. या शेवटच्या अटीपाशी पहिलटकर ती बोटच वहीतून खोडतो.

मग इंटरनॅशनल वन मीटर. लांबी एक मीटर, वजन चार किलोच्या खाली चालत नाही, बोटीच्या अंगात कार्बन फायबर चालत नाही. शिडांचे तीन संच, मंद वाऱ्याला मोठा आणि सोसाट्याला छोटा. तिच्या जागतिक स्पर्धा होतात. ही त्याच्या मनात भरते, आणि नवी, पूर्ण सजवलेली घ्यायची तर आकडा हजार पौंडांच्या बराच पुढे जातो हे कळल्यावर मनातच राहते. शिवाय डोलकाठीच्या टोकापासून शिशाच्या गोळ्यापर्यंत तिची उंची दोन मीटरच्या घरात. ती मोटारीत कशी जाईल याची तो आकृती काढतो. आकृतीत मावते. शेजारच्या सीटवर बायको बसली की मावत नाही. हा निष्कर्ष त्याने घरी कोणत्या शब्दांत मांडला ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं नाव लावणारी मार्बलहेड पुढे येते. 50 इंच लांबी, 800 चौरस इंच शीड, आणि पुष्कळसं बाकी बनवणाऱ्याच्या मर्जीवर. ‘मर्जी’ म्हटल्यावर त्याची झोप उडते. बारा इंचांची फूटी नावाची बोट आहे, तिला ठरलेल्या मापाच्या खोक्यात बसून दाखवावं लागतं. ती ‘नातवंडांसाठी’ म्हणून बाजूला काढली जाते. नातवंडं टोरांटोला असतात आणि त्यांना बोटींत काडीचा रस नसतो.

आता, तळ्यावर एक निवृत्त पोस्टमन असतो. पोस्टमन नसला तर बस ड्रायव्हर असतो, पण असतो. त्याची बोट जुनी, शिडावर चहाचा डाग, आणि शर्यतीत ती दुसरी-तिसरी येतेच. पहिलटकर त्याला गाठतो.

“पहिली बोट कोणती घ्यावी म्हणता?”

“इथे सगळे चालवतात ती घ्या.”

“पण ती तांत्रिकदृष्ट्या चांगली आहे का?”

“इथे सगळे ती चालवतात,” पोस्टमन पुन्हा सांगतो. तो ऐकू न आल्यासारखा दिसतो, पण त्याला नीट ऐकू आलेलं असतं.

माझ्या मते या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. एकट्याने बोट चालवण्याची हौस दोन रविवारांत फिटते, तिसऱ्या रविवारी माणूस बदकं मोजायला लागतो. शेजारी अगदी तशीच बोट असली आणि ती पुढे गेली की मगच आपली मागे का पडली हे शोधावंसं वाटतं. पुढचं शीड जास्त ताणलंय का, डोलकाठी मागे कललीय का, पोटाखालच्या कीलला शेवाळ अडकलंय का. दोरीची कडी तुटली तर शेजाऱ्याच्या डब्यात ती सापडते. पहिलटकर हे सगळं ऐकून घेतो आणि वहीत लिहितो: ‘पोस्टमन – सज्जन. तांत्रिक माहिती बेताची.’

तांत्रिक माहितीची उणीव मग तो स्वतः भरून काढतो. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, समोरच्याला सांगतो की 2.4 गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून फारशी जात नाही, म्हणून रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर राहील अशी बसवायला हवी. पूर्वी म्हणे प्रत्येकाला वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल लागायचा, आणि दोघांचा एकच निघाला तर एकाने बोट पाण्याबाहेर काढायची. यातला शब्द न् शब्द खरा आहे. ऐकणाऱ्याच्या ताटात मात्र मसालेभात निवत असतो आणि मागून कोणीतरी म्हणत असतं, “काका, जरा पुढे सरकता का?”

मूळ गाव अलिबागकडचं निघालं तर विचारायलाच नको. कान्होजी आंग्र्यांचा उल्लेख चौथ्या वाक्याला येतो. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, हे तो पोस्टमनलाही सांगतो, आणि पोस्टमन त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. 1756 सालच्या विजयदुर्गाच्या पाडावाचा विषय निघाला, ज्यात आंग्र्यांविरुद्ध इंग्रज होते आणि पेशवेही होते, की याला नेमकं घरून बोलावणं येतं.

इतिहासाने एकदा घात केलाच. उत्तरेतल्या हार्टलपूल बंदरात ‘ट्रिंकोमाली’ नावाची जुनी लढाऊ नौका उभी आहे. 1817 साली मुंबईत वाडियांच्या गोदीत मलबारी सागवानाची बांधलेली, आणि आजही तरंगणारी. पहिलटकर ती सहकुटुंब पाहून आला आणि गाडीतच जाहीर केलं की आपली बोट आता सागवानाची होणार, आणि घरी बांधणार. पुण्याच्या भावाला फोन गेला. भावाने विचारलं, “दादा, किती सागवान? खिडकीपुरतं की पलंगापुरतं?” सागवान हे मॉडेलवाल्यांच्या आवडत्या बाल्साच्या तिप्पट-चौपट जड असतं, आणि बोटीचं वजन वर ठेवायचं नसतं, खाली शिशात ठेवायचं असतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तोवर भावाने वखारीत बयाणा दिला होता.

पण बांधण्याचं भूत उतरलं नाही. बांधणारा पहिलटकर हा घेणाऱ्या पहिलटकराचा थोरला भाऊ समजावा. तो नकाशे मागवतो. गॅरेजमध्ये फळीवर आडव्या चौकटी उभ्या राहतात, त्यांच्यावर लाकडाच्या बारीक पट्ट्या एकीला एक चिकटवायच्या, वरून काचतंतूचं कापड आणि इपॉक्सी, मग घासायचं, आणि पुन्हा घासायचं. हे काम खरोखर देखणं आहे. चांगल्या हाताने बांधलेली लाकडी बोट पाण्यावर उतरते तेव्हा पोस्टमनसुद्धा चहा खाली ठेवतो. अडचण इतकीच की इपॉक्सीला ऊब लागते आणि इंग्लंडातल्या गॅरेजमध्ये जानेवारीत ऊब नसते. ती असते घरात, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात, जिथे टॉवेल, चादरी आणि पाहुण्यांच्या पांघरुणांच्या घड्या असतात.

“अहो, हे कपाटात काय घातलंय?”

“वाळतंय.”

“माझ्या पैठणीला वास लागला तर तुम्हालाही तिथेच वाळत घालीन.”

पैठणी त्या कपाटात का होती, असं विचारण्याची चूक त्याने केली. नंतर शिशाचा गोळा ओतायची वेळ आली. साचा तयार, छपरावरच्या जुन्या पत्र्यांचं शिसं गोळा केलेलं, आणि वितळवायला एखादं जाड बुडाचं भांडं हवं होतं. त्याने स्वयंपाकघरात नुसती नजर फिरवली. “शिसं? माझ्या कढईत?” इतकंच ऐकू आलं आणि बोटबांधणीचं पर्व तिथे संपलं. यात बायकोचं शंभर टक्के बरोबर होतं. शिशाची वाफ घरापासून आणि कढईपासून लांब ठेवावी. तयार ओतलेला गोळा विकत मिळतो.

या सगळ्या काळात कोणीतरी पहिलटकराच्या हातात रिमोट देतोच. तळ्यावरची माणसं मनाने मोठी असतात, आणि त्यांना करमणूकही हवी असते. बोट आपल्यापासून लांब जात असते तोवर सगळं छान. डावीकडे काडी, डावीकडे बोट. ती वळून आपल्याकडे यायला लागली की मात्र आपलं डावं ते तिचं उजवं होतं, आणि बोट थेट काठाच्या दगडांकडे निघते. यावर उपाय साधा आहे. आपणही बोट जाते आहे त्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं, आणि मान वळवून खांद्यावरून तिच्यावर नजर ठेवायची. पहिलटकराला हे माहीत असतं, वहीत पान सापडेपर्यंत वेळ लागतो.

मग तो बोट सरळ वाऱ्याच्या तोंडावर घालतो. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. दोन्ही बाजूंचा साधारण 45 अंशांचा पट्टा तिला बंद असतो, त्यामुळे नागमोडीनेच वर चढावं लागतं. बोट थांबते, शिडं फडफडतात, एक हंस तिची चौकशी करून जातो. “स्टारबोर्ड!” कोणीतरी ओरडतं. उजवीकडून वारा घेऊन येणाऱ्या बोटीला वाट द्यायची, चूक झाली की जागेवर एक गिरकी मारून शिक्षा भोगायची, हे नियम पहिलटकराला तळ्यावरच्या कोणाहीपेक्षा जास्त पाठ असतात. त्याने गिरकी मारलीही असती, पण बोट हलत नव्हती. रिमोट परत करताना तो म्हणतो, “हिची डोलकाठी फार पुढे आहे.”

अशा माणसाकडे बोट येतच नाही असं मात्र नाही. येते. कधी वाढदिवसाला मुलांनी वैतागून पाठवलेली, कधी बायकोने परस्पर मागवलेली, कधी हिशोबाच्या अकराव्या पानावर त्याला स्वतःलाच सुचलेली. तो तिचा प्रत्येक स्क्रू काढून ग्रीस लावून परत बसवतो. शिडांच्या कापडाला घडी पडू नये म्हणून नळी करतो. बॅटरी किती वेळ टिकते याचा बैठकीच्या खोलीत तक्ता होतो. पाण्यात ती एकदा उतरते, मंद वाऱ्यात, काठापासून चार हातांवर. पुढच्या महिन्यात त्याच्या वहीत ‘दुसरी बोट’ असा मथळा पडतो आणि पहिली विकायला निघते.

तेव्हा तुम्हाला या छंदात पडायचं असेल, तर आधी आपल्या तळ्यावर कोणत्या बोटी चालतात ते पाहा, आणि त्याच वर्गातली एखादी बोट पहिलटकराकडे विकायला आली असेल तर डोळे झाकून घ्या. यापेक्षा चांगला सौदा बाजारात नाही. बोट कोरी, भाग सगळे जागेवर, सुट्या कड्यांची डबी सोबत, आणि टाइप केलेली चाळीस पानी माहितीपुस्तिका फुकट. घासाघीस करू नका, किंमत तो आधीच वाजवी ठरवतो. फक्त सकाळी लवकर जा, कारण तुम्ही ती कुठल्या तळ्यावर आणि कुठल्या वाऱ्यात चालवणार हे त्याला नीट समजावून सांगावं लागेल. आणि घरून काही खाऊन निघू नका. वहिनी पोहे करतात.