पलाव्याहून पालव्याला

आमच्या घरात ‘कुठंतरी बाहेर जाऊ या’ हा ठराव एकमताने मंजूर होतो. मतभेद सुरू होतात ते चपला घातल्यावर. परवाच्या रविवारी ठरलं, गेटवे आणि कुलाबा कॉजवे. मुलीला खरेदी करायची होती, मुलाला बोटीत बसायचं होतं, सौभाग्यवतींना ‘जरा मोकळी हवा’ हवी होती आणि आई निघाली, कारण घरी राहिली असती तर नंतर ऐकवायला काही उरलं नसतं. मला कोणी विचारलं नाही. पाकीट माझंच असल्याने वेगळं मत लागत नाही.

आम्ही डोंबिवलीजवळच्या पलाव्यात राहतो. हाकेच्या अंतरावर मॉल आहे, त्यात एसी आहे. ते सोडून आम्ही निघालो अपोलो बंदरावर, ज्याला मराठी माणूस पालवा बंदर म्हणत आला. साहेबाच्या जिभेवर पालव्याचं अपोलो झालं, असं सांगतात. पलाव्याहून पालव्याला पोचायला रिक्षा, लोकल आणि टॅक्सी मिळून अडीच तास लागले. रविवार म्हणजे मेगाब्लॉक आलाच. “एवढ्यात पुणं आलं असतं,” आई म्हणाली. पुण्याला समुद्र नाही, एवढीच त्या सूचनेत खोट होती.

कॉजवेचं नाव कागदोपत्री शहीद भगतसिंग मार्ग. टॅक्सीवाल्याला तेवढंच सांगून पाहा, तो काच वर करतो. मुळात कुलाबा हे बेट, मधे भरतीचं पाणी. 1838 साली हा रस्ता बांधून ते मुंबईला जोडलं, तोवर पायी जायचं तर ओहोटीची वाट पाहावी लागे. मुंबईतल्या समुद्रकाठच्या बाजाराची हीच रीत आहे: आधी पाणी हटवायचं, मग त्या जागी दुकानं थाटायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, समुद्र ना, तो काय, पुढे डाव्या हाताला.

तिथवर पोचायला आम्हाला दोन तास लागले, कारण वाटेत झुमके आले. ऑक्सिडाइज्ड, खाली घुंगरू. विक्रेता म्हणाला सहाशे. सौभाग्यवती म्हणाल्या दीडशे. “भाभी, बोहनी का टाइम है.” दुपारचे चार वाजले होते. साडेतीनशेवर तो अडला, दोनशेवर ही अडली आणि मग तिने हुकमी एक्का काढला: झुमके खाली ठेवले, पर्सची चेन ओढली आणि चालू लागली. या विद्येत पाठीमागे वळून बघायचं नसतं. दहा पावलांत हाक येते, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव.

दहा पावलं झाली. वीस झाली. हाक येईना. आम्ही चौघं तिच्यामागे, एकमेकांकडे न बघता. बेल्टवाला गेला, गॉगलवाला गेला, 1871 पासून उभं असलेलं लिओपोल्ड कॅफेही मागे पडलं. “येईल,” ती दात आवळून म्हणाली. शेवटी मुलगी ‘बूट बघून येते’ म्हणून मागे गेली आणि साडेतीनशे मोजून झुमके घेऊन आली. सौभाग्यवतींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “मी दोनशेत आणले असते.”

गेटवेपाशी सुरक्षा तपासणी. आईच्या पिशवीतून दशम्यांचा डबा, चटणीची पुडी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि नॅपकिन निघाला. शिपायाने डबा उघडून पाहिला आणि जरा जास्तच वेळ पाहिला. आईने त्याला एक दशमी देऊ केली. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न तिथेच मिटला.

गेटवेची गोष्ट मी मुलांना सांगितली, कारण ती फुकट होती. पंचम जॉर्ज 1911 साली इथे उतरले, तेव्हा त्यांना दाखवायला कमानीची पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. पायाभरणी 1913 ला, उद्घाटन 4 डिसेंबर 1924 ला. पाहुणा जेवून, ढेकर देऊन, घरी जाऊन तेरा वर्षं झाल्यावर दारातलं तोरण तयार! ब्रिटिशांनी इथून आपल्याला काय काय दिलं याची यादी करणारे लोक सार्वजनिक बांधकामाची ही परंपरा नेमकी विसरतात. पुढे 28 फेब्रुवारी 1948 ला त्यांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली, म्हणजे स्वागताचं दार कामाला आलं ते निरोपाला. मुलाने विचारलं, “बोट?” रांगेचं शेपूट पाहून त्यानेच तो विषय मागे घेतला.

आई कठड्याला टेकून पाणी बघत होती. लाटेवर एक चप्पल, नारळ आणि वेफर्सची पाकिटं डुलत होती. “यात मासे जगतात कसे गं?” तिने सुनेला विचारलं. मोकळी हवा म्हणतात ती हीच असावी. सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला होता.

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला आला. शंभर रुपये, प्रिंट जागेवर. “साहेब, हात वर करा, चिमटी धरा, गेटवे उचलल्यासारखा दिसेल.” मी चिमटी धरली. थोडं डावीकडे, थोडं खाली, आता श्वास धरा. झुमक्यांचा पराभव अजून ताजा असल्याने सौभाग्यवतींनी त्याला घाम फोडून साठावर आणलं, आणि या खेपेला त्याने हाकही मारली.

तो फोटो सध्या फ्रिजवर आहे. चिमटी झकास जमली आहे. फक्त तिच्यात गेटवे नाही, मागून चाललेल्या कुणा अनोळखी काकांची टोपी आहे. “तरी म्हटलं,” सौभाग्यवती रोज दूध काढताना म्हणतात, “चाळीसच द्यायला हवे होते.”