कॉट बेसिसवरचं सहजीवन

सदाशिव पेठेत विद्यार्थ्याला खोली मिळत नाही, कॉट मिळते. उरलेली हवा, खिडकी आणि एकमेव प्लग पॉइंट यांसाठी रूममेटशी वाटाघाटी करायच्या. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतोय असं लातुरात सांगितलं जातं. प्रत्यक्षात पहिलं सेमिस्टर तो शेजारच्या कॉटचाच अभ्यास करतो. हा गृहस्थ आंघोळ कधी करतो, बादली कुणाची वापरतो आणि आपला चिवडा पहिल्या आठवड्यातच कसा संपतो? (डबा देताना आई ‘सगळ्यांनी मिळून खा’ म्हणते. ते वाक्य रूममेटच मनावर घेतो.)

मैत्री जमते रविवारी संध्याकाळी. मेस बंद, दुपारची फीस्ट जिरलेली आणि महिनाअखेर. दोघांत एक प्लेट भुर्जी घेऊन चौथ्यांदा पाव मागायला लागतं ते धैर्य कुठल्या फ्रेशर्स पार्टीत कमावता येत नाही.

मग ग्राफिक्सचं सबमिशन. रूममेटची शीट काचेवर, तिच्यावर आपली कोरी शीट आणि काचेखाली बल्ब. याला जीटी मारणं म्हणतात. पहिल्या वर्षात एवढं एक प्रात्यक्षिक सगळे मन लावून करतात. त्यात रूममेटची चूकही मिलिमीटरपर्यंत बरोबर उतरते. परीक्षेत दोघांना सारखेच मार्क पडतात, आणि एकाच विषयात केटी लागते. घरमालक काकांना त्याचं काही नाही. पुढच्या सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या, म्हणतात.