एफ मारलेला बोल्ट

जुन्या जीपचे शौकीन ओळखायला सोपे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा. चांगल्या घरचा माणूस भंगाराच्या ढिगापुढे उकिडवा बसलाय, चष्मा कपाळावर, आणि गंजक्या बोल्टाचं डोकं अंगठ्याने घासून काहीतरी वाचतोय, असं दिसलं की समजावं.

वाचायचं असतं एकच अक्षर, ‘एफ’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला जीप हव्या होत्या ढिगाने. एकट्या विलीज कंपनीला ते झेपेना, म्हणून तिचेच नकाशे फोर्डला देऊन तीच गाडी तिकडेही करून घेतली. दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. अट अशी, की हिचा भाग तिला बसलाच पाहिजे; आघाडीवरच्या फिटरला मोडक्या गाड्यांतून एक धावती गाडी उभी करता यायला हवी. फोर्डने अट पाळली, पण आपल्या मालावर, अगदी बोल्टांवरसुद्धा, ‘एफ’ ठोकून ठेवला. लग्नात भांड्यांवर नाव घालतात तसा. लढाईच्या धामधुमीत तो वाचायला कोण बसलं होतं? आता मात्र फोर्डच्या जीपमध्ये विलीजचा बोल्ट निघाला, तर शौकिनाची झोप उडते. जी गाडी सरमिसळीसाठीच जन्माला आली, तिचं सोवळं आता आपण पाळायचं!

आमच्या मिस्त्रींना हे सोवळं मान्य नाही. “साहेब, बसतंय ना? मग झालं तर.” अमेरिकी सेनापतींचंही म्हणणं एवढंच होतं.

आणि आपल्याकडे सरमिसळ काय थोडी झाली? महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली. पुढे सीजे थ्री बी आली, आपली ‘हाय बॉनेट’. तिचं इंजिन उंच, ते मावेना म्हणून बॉनेटच उचललं. मग पेट्रोल महागलं, तशी लोकांनी ती इंजिनं उतरवून डिझेलची चढवली. उतरवलेलं इंजिन भंगारात, किलोच्या भावाने. वडिलांनी किलोवर विकलेलं ते इंजिन आज मुलगा नगावर शोधतोय. भावातला सगळा फरक तेवढाच. भंगारवाला आधी गिऱ्हाइकाचे बूट बघतो, मग तराजू बाजूला सारतो.

काही खर्च तर निव्वळ अडाणीपणाचा. मूळच्या लष्करी विलीजमध्ये डावीकडच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, चाक फिरताना नट सुटू नये म्हणून. पंक्चरवाल्या पोराला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो पान्यावर उभा राहतो, नाचतो, आणि स्टड तुटतो. उलट्या आट्यांचा स्टड मागितला की दुकानदार आपल्याकडे असा पाहतो, जणू आपणच उलटे.

आमच्या एका मित्राने तर बाजारातला माल नकोच म्हणून थेट अमेरिकेहून पार्ट मागवला. पार्टापेक्षा भाडं जास्त, भाड्यावर कस्टम. खोका उघडला तर पार्टावर ‘मेड इन इंडिया’! पण यात फसवणूक कसली? अमेरिकेत हाय बॉनेट १९६८ लाच बंद झाली, आपल्याकडे तिच्या साच्यातल्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं निघत होत्या. तेव्हा माल करणार कोण? तिकडचे शौकीन भारतातून मागवतात, इकडचे तिकडून. माल एकच, हेलपाटे दोन. मिस्त्रींनी पार्ट उलटसुलट करून पाहिला आणि निमूट बसवून टाकला. बसला!

मित्राने कस्टमची पावती लॅमिनेट करून घेतली आहे. जीप बघायला कुणी आलं, की बॉनेटच्या आधी ती दाखवतो.