पट्टा घाला, सीट मिळवा

पनवेलकरांचं नशीब बघा, सकाळची लोकल इथूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. मानेचा घात तिथेच होतो. खिडकीशी बूड टेकलं की मोबाईल बाहेर, आणि खाली गेलेली मान वर येते ती सव्वा तासाने, थेट सीएसएमटीच्या आसपास. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर हिशेब मांडला: मान साठ अंश वाकली की मणक्यावर सुमारे २७ किलोंचा भार. हा आकडा व्हॉट्सअॅपवर भरपूर फिरला. वाचणाऱ्यांनी तोही मान खाली घालूनच वाचला.

मग सुरू होते उपचारांची वरात. पहिला मान तेलाचा, आणि पनवेलला तो शोभतोही. कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथेच १८७२ साली काढला. चोळल्यावर बरं वाटतं, वाद नाही. पण सकाळी तेल बनियनला लागलेलं असतं आणि दुखणं खांद्यालाच. पुढे बाम, स्प्रे, शेक, करंट, सुया. केमिस्टला विचारून घेतलेल्या 'स्नायू सैल करणाऱ्या' गोळीने आधी डोळेच सैल होतात, आणि वाशीला उतरणारा खाडी ओलांडून मानखुर्दला जागा होतो. कुणी हौसेने एमआरआय काढतो. न दुखणाऱ्यांच्या मानेतही चकत्या फुगलेल्या दिसतात, हे त्याला कोण सांगणार? रिपोर्ट हातात आला की गडी स्वतःची ओळख मणक्यांच्या नंबरानेच, 'सी फाईव्ह-सी सिक्स' अशी करून देतो.

सगळ्यात गुणकारी म्हणाल तर गळ्यातला पट्टा. स्नायूंच्या साध्या दुखण्यात तो रोज मिरवला तर मान आणखी आळशी होते, पण संध्याकाळच्या गर्दीत लोक उठून जागा देतात.

(हाताला बधिरपणा, सुटणारी पकड, छातीतून जाणारी कळ असली, तर हे सदर बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.)

डेन्मार्कमध्ये कचेऱ्यांत काम करणाऱ्या, मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांवर प्रयोग झाला, २०११ साली छापून आला. रबरी पट्टीच्या ताणाविरुद्ध हात बाजूने खांद्याइतके वर उचलायचे. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. रोज दोन मिनिटं करणाऱ्यांचंही दुखणं कमी झालं, बारा मिनिटंवाल्यांना त्याहून फारसं जास्त मिळालं नाही. आपल्याकडचे फिजिओही करंट लावता लावता व्यायामाचंच सांगतात, कागदावर चित्रं काढून देतात. तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली सुखाने नांदतो.

डब्यातल्या एका काकांना ही दोन मिनिटांची गोष्ट सांगितली. पट्टा सावरत ते दुखावल्यासारखे म्हणाले, "दोन मिनिटांत जातं ते काय दुखणं? आमच्याला वीस सिटिंग झाली, अजून हललेलं नाही!"